बापू जोगळेकरानं काय सोडलं

आमच्या बिल्डिंगीत सगळ्यात चांगली कणीक रविवारी मळली जायची, आणि ती माशांसाठी असायची.

तळमजल्यावरचा बापू जोगळेकर सकाळी अंघोळ करून, धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, स्वयंपाकघराच्या दारात परात घेऊन बसे. दोनदा चाळलेलं पीठ, कुस्करलेलं राजेळी केळं, भाजलेल्या मेथीची पूड, चिमूटभर हिंग, वेलची आणि वरून घरी कढवलेलं साजूक तूप. गेल्या रविवारचा उरलेला आंबूस गोळा त्यात विरजणासारखा घालायचा आणि मग मळत राहायचं. "बोटाला चिकटता कामा नये आणि गळावरून सुटता कामा नये," हे त्याचं सूत्र. गोळा मनासारखा झाला की तो ओल्या फडक्यात गुंडाळून पितळी डब्यात जायचा, आणि तोवर सगळ्या बिल्डिंगीला कुणाच्या तरी घरी लग्न असल्याचा भास व्हायचा.

"माशांना साजूक आणि बायकोला वनस्पती," सुमतीवहिनी खिडकीतून अर्ध्या मुलुंडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या. "पुढचा जन्म पवईच्या तळ्यात मिळू दे. निदान नवऱ्याच्या हातचं खायला तरी मिळेल."

बापू ऐकून घ्यायचा. सायकलच्या दांडीला तो गळाची लांबलचक काठी बांधायचा, लोखंडी सळ्यांच्या ट्रकला बांधतात तशी तिच्या टोकाला लाल चिंधी लावायचा, आणि पवईच्या तळ्याकडे निघायचा. संध्याकाळी परत आला की त्याच्याकडे बहुधा काही नसायचं. असलंच तर ते आमच्या घरी यायचं. कारण जोगळेकरांच्या सात पिढ्यांत कुणी मासा तोंडात घातलेला नव्हता, बापूनंही नाही, आणि आम्ही पडलो गोव्याकडचे सारस्वत. पण आमची हयात गेली समुद्राच्या मासळीवर. माझी बायको शालू तो रोहू बघून नाक मुरडायची. म्हणायची, "भावजी, हा मासा नव्हे, ही चिखलाची वडी आहे." शेवटी तो मासा गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका बंगाली बाबूकडे जायचा. बाबू तो छातीशी धरून गदगदून उभा राहायचा. एका रोहूच्या प्रवासात इतकी माणसं गुंतायची आणि त्यातलं एकच सुखी व्हायचं.

बापू एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होता. पंचेचाळिशीचा, काटकुळा, कानात केस, चेहरा कायम पाण्याकडे बघत असल्यासारखा. त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. तळ्यावर तीन तास बसूनही दोरा हलला नाही की म्हणायचा, "त्याचा विचार चाललाय." मासा आहे, त्यानं कणीक बघितली आहे, आता तो विचार करतोय. पुढे पुढे हे वाक्य माशापुरतं राहिलं नाही. बस आली नाही, विचार चाललाय. नळाला पाणी आलं नाही, विचार चाललाय. बढतीचा कागद साहेबाच्या टेबलावर वर्षभर पडून होता, तेव्हाही बापू शांत. "साहेबाचा विचार चाललाय." साहेब बदलून गेला, कागद तिथेच राहिला. बापू म्हणाला, "आता नव्याचा सुरू होईल."

तुम्ही म्हणाल, गमतीचा माणूस. आम्हीही तेच म्हणत होतो. फक्त सुमतीवहिनी म्हणत नव्हत्या.

त्यांना मूल नव्हतं. फार पूर्वी, मुलुंडला यायच्या आधी, एक सातव्या महिन्यात गेलं होतं. त्यानंतर काही नाही. एका ज्योतिष्यानं वहिनींना सांगितलं होतं की नवऱ्यानं पाण्यातला जीव मारला आहे, त्या जिवाचा शाप आहे. वहिनी ही गोष्ट लपवून ठेवत नसत. हळदीकुंकवाला, नळावर, जिन्यात, कुठेही. "ज्योतिष्यानं स्पष्ट सांगितलं. तरी या माणसाचा गळ सुटत नाही. माझ्या घरचा पाळणा यांनी तळ्यात बुडवला." बायका माना हलवायच्या. पुरुष बापूला कोपऱ्यात घेऊन समजवायचे. मीसुद्धा दोनदा समजावलं. "अरे, खरं असो की खोटं, तिच्यासाठी सोड ना."

बापू म्हणायचा, "बघू. विचार चाललाय."

मग वहिनींना कुणीतरी दक्षिणेतलं ते क्षेत्र सांगितलं. तुंगेच्या काठी देऊळ, देवळाखाली घाट, आणि घाटाशी नदीत देवाचे मासे. त्यांना कुणी धरत नाही. यात्रेकरू त्यांना चुरमुरे घालतात. क्षेत्रात गेलं की आवडती वस्तू सोडायची ही आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. वहिनींनी ठरवलं की त्या घाटावर, त्या माशांच्या साक्षीनं, बापूनं गळ सोडायचा. शाप तिथेच उतरेल.

"येशील का?" मी बापूला विचारलं. मोटार माझी होती. म्हणजे एका पारशानं वैतागून विकलेली आणि मी हौसेनं घेतलेली. चढावर ती थांबायची आणि उतारावर थांबायची नाही.

बापूनं नकाशा मागून घेतला, बराच वेळ बोट फिरवलं, आणि विचारलं, "वाटेत नद्या किती?"

शेवटी तह झाला. वाटेतल्या सगळ्या नद्या बापूच्या. वहिनी अडवणार नाहीत. पण घाटावर गळ सुटला पाहिजे. "सांगा तुमच्या मित्राला," वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, कारण बापूशी त्या असल्या बाबतीत थेट बोलत नसत, "म्हणावं, जाताना वाटेल तितके मारा. येताना ही काठी मोटारीत दिसली तर मी दिसणार नाही."

बापू काही कबूल झाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. तो कणीक मळायला बसला.

तर अशी आमची वरात निघाली. पुढे मी आणि बापू, मागे शालू आणि वहिनी, टपावर काठी, तिला लाल चिंधी. डबा बापूच्या मांडीवर. सातारा ओलांडेपर्यंत उन्हानं त्या डब्यातलं विरजण असं काही फुगलं की झाकण आपोआप वर यायला लागलं.

दारूबंदीचे दिवस. कऱ्हाडच्या अलीकडे पोलिसानं मोटार थांबवली, आत डोकं घातलं, आणि लगेच बाहेर काढलं.

"डब्यात काय आहे?"

"कणीक," बापू म्हणाला.

पोलिसानं झाकण उघडून वास घेतला. मग बापूकडे बघितलं. "हिला कणीक म्हणता तुम्ही?"

"माशांची आहे."

"मासे पितात?"

मी मध्ये पडणार तोच मागून वहिनी म्हणाल्या, "घेऊन जा त्यांना, हवालदार. डबाही घेऊन जा. काठी टपावर आहे, तीपण न्या. माझी काही तक्रार नाही."

हवालदार संसारी माणूस असावा. त्यानं एकदा वहिनींकडे बघितलं, एकदा बापूकडे, आणि डबा हळूच त्याच्या मांडीवर परत ठेवला. "जा," म्हणाला. "तुम्हाला आधीच झालेली आहे शिक्षा."

कृष्णेवर बापू सबंध सकाळ बसला. गावातली पंधरा-वीस माणसं मागे उभी राहून सल्ले देत होती. एक म्हणाला इथे मासा नाही, दुसरा म्हणाला आहे पण शहाणा आहे. बापूचं मत दुसऱ्याच्या बाजूचं. पुढे घटप्रभेवर एक कासव लागलं. त्यानं गळाची दोरी, कणीक आणि बापूचा तरंगता बुचाचा तुकडा, सगळं नेलं. वहिनी प्रत्येक नदीवर दगडावर बसून जप करायच्या, आणि माळ थांबली की माझ्याकडे बघून विचारायच्या, "झाले का मारून? की अजून आहेत शाप द्यायला?" एक मासा मिळत नव्हता. पण न मिळालेल्या माशांचं पापही वहिनी बापूच्या नावावर चढवत होत्या. शालू मला म्हणाली, "वहिनींना यांचं पकडणं नको आहे, की न पकडणं?"

हरिहरला तुंगभद्रा लागली. काय नदी ती. काळे खडक, मध्ये खोल डोह, आणि डोहात म्हणे पुरुषभर लांबीचे मासे. बापूची नजर डोहावर खिळली. बरोबर आणलेला नवा जाड दोरा त्यानं काठीच्या चाकावर चढवला, डब्यातला सगळ्यात गुणी गोळा निवडला, आणि गळ फेकला. घटकाभरानं दोरा ताणला.

"आहे," बापू म्हणाला. त्याचा आवाज मी इतका खाली गेलेला कधी ऐकला नव्हता.

पुढचा पाव तास मी आयुष्यात विसरणार नाही. बापू खडकावर मागे रेलून काठी धरून उभा. काठी वाकून कमान झालेली. तो चाक फिरवतो, ते पुढे सरकतं. तो ढील देतो, ते प्रवाहाबरोबर जातं. "घाई नाही," बापू स्वतःलाच बजावतोय. "दमू दे. जड आहे. मादी आहे." मी खडकाच्या टोकाशी पालथा पडून पाण्यात बघतोय. काठावर गावकरी जमले, कुणी देवाचं नाव घेतलं. आणि शेवटी पाण्यातून ते वर आलं. हिरवं, लांब, काठाला जर असलेलं.

वहिनींचं पातळ होतं ते. घाटावर नेसायचं म्हणून खास मुंबईहून आणलेलं. वरच्या बाजूला त्यांनी धुवायला दगडाखाली दाबून ठेवलं होतं. प्रवाहानं ते ओढून नेलं आणि गळानं पदर धरला.

माणसं हसत हसत खडकावर बसली. मीही हसलो. बापूनं गळ सोडवला, तेव्हा पदराला हातभर फाटलं.

वहिनींनी ते पातळ हातात घेतलं. त्या हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत, हेच वाईट. पिळून घडी घालता घालता म्हणाल्या, "नेसेन हेच. देव विचारेल, सुमती, फाटकं का? सांगेन, यांच्या हाताला एवढंच लागलं."

तिथून पुढे रस्ता झाडीत शिरला, सुपारीच्या बागा लागल्या, मोटार चढ दिसला की थांबत होती आणि आम्ही उतरून ढकलत होतो. बापूची काठी टपावर होती. वाटेत आणखी दोन ओढे आले. मी थांबवू का विचारलं. तो नको म्हणाला.

क्षेत्राला पोचलो ते दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आधी. दगडी घाट, पलीकडे गर्द हिरवं, आणि पायऱ्यांशी पाणी काळं झालेलं. ती सावली नव्हती. मासे होते. हात पसरून दाखवावे एवढाले, एकमेकांवर चढलेले, पाठी पाण्याबाहेर, तोंडं उघडी. लहान मुलं चुरमुरे टाकत होती आणि ते मासे मुलांच्या बोटांना तोंड लावत होते. आयुष्यभर बापूनं ज्यांची वाट बघितली ते सगळे इथे एका जागी, हात घातला तर हाती येतील असे. आणि त्यांना हात लावायची मनाई.

बापू पायरीवर उभा राहिला आणि नुसता बघत राहिला.

पुजारी आले. मुंबईकडचे यात्रेकरू नेहमीचे असल्यानं त्यांना कामापुरतं मराठी येत होतं. त्यांनी माझ्या तळहातावर पळीभर पाणी घातलं. "काय सोडता?" मी कारलं सोडलं. कारलं मी जन्मात खाल्लेलं नाही. शालूनं वांगं सोडलं, कारण तिला त्यानं खाज येते. देवाकडे आजवर एवढी नावडती भाजी जमली असेल की मंडई भरेल. वहिनींनी ते फाटकं पातळ नेसलं होतं, फाटका पदर कमरेला खोचून. त्यांनी काही सोडलं नाही. त्या हात जोडून बापूच्या शेजारी उभ्या राहिल्या. आख्ख्या प्रवासात पहिल्यांदाच त्या बापूच्या इतक्या जवळ उभ्या होत्या.

पुजाऱ्यांनी बापूच्या हातावर पाणी घातलं. "काय सोडता?"

बापूनं वहिनींकडे बघितलं नाही. माशांकडेही नाही. हातातल्या पाण्याकडे बघत म्हणाला, "पडवळ."

पुजाऱ्यांनी मंत्र म्हटला. पाणी पडलं.

वहिनी क्षणभर तशाच हात जोडून उभ्या होत्या. मग वळल्या आणि पायऱ्या चढून देवळाकडे निघाल्या. शालू त्यांच्यामागे धावली. जाताना तिनं बापूकडे जसं बघितलं, तसं ती सडक्या बोंबलाकडेसुद्धा बघत नाही.

पुजारी गेले. बापू खालच्या पायरीवर बसला, पितळी डबा उघडला, आणि कणकेच्या गोळ्या करून माशांना टाकायला लागला. एक एक, हळूहळू.

मला राहवलं नाही. "माणूस आहेस का रे तू?" मी म्हणालो. "काय जात होतं तुझं? तोंडानं म्हणायचं सोडला. घरी जाऊन चोरून टाकला असतास, तरी मी काही बोललो नसतो. त्या बाईचं एक मन राखायचं होतं."

"आणि पुढे?" बापू म्हणाला.

"पुढे काय?"

"मी गळ सोडला. शाप उतरला. एक वर्ष गेलं, दोन गेली. काही झालं नाही. पुढे?"

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो.

"होणार नाहीये," बापू म्हणाला. "ते पहिलं गेलं ना, तेव्हा डॉक्टरनं मला व्हरांड्यात बोलावून सांगितलं, आता पुन्हा दिवस राहणार नाहीत. मी दुसऱ्या डॉक्टरला गाठलं. त्यानंही तेच सांगितलं. हिला नाही सांगितलं मी. जमलं नाही."

त्यानं एक गोळी टाकली. पाच-सहा तोंडं एकदम आली.

"तेव्हा ही सगळं स्वतःवर घ्यायला लागली. आपलंच पाप, आपलीच कूस वाईट. ताट पुढे ठेवलं की भिंतीकडे बघत बसायची. जेवण तुटलं. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायच्या, इतकी खंगली. मग तो ज्योतिषी भेटला. म्हणाला, नवऱ्यानं पाण्यातला जीव मारलाय. लहानपणी सांगलीला पोरांबरोबर एकदा गळ टाकला होता मी, तेवढं निघालं. त्या दिवशी ही मला वाट्टेल ते बोलली. तास-दीड तास. आणि मग उठून जेवली."

"मग?"

"त्याची शांत केली. आठ-दहा महिने बरे गेले. मग पुन्हा भिंत. तेव्हा मी जाऊन काठी विकत आणली."

त्यानं आणखी एक गोळी वळली.

"सुरुवातीला किळस यायची रे," तो म्हणाला. "गांडूळ हातात धरवेना, म्हणून कणीक. आता लागलीय गोडी, खोटं कशाला बोलू. तळ्यावर बरं वाटतं. पण आज सोडला असता, अगदी खरा सोडला असता. तू म्हणत होतास ना, सोड. सोडला तर ती बोलेल कुणाला?"

"सांगून टाक तिला खरं," मी म्हणालो.

"तू सांगतोस?"

 एवढी वर्षं त्या बिल्डिंगीत आम्ही सगळ्यांनी बापूला समजावलं होतं. शहाणी माणसं कधी कमी पडली नव्हती.

तेवढ्यात वरून वहिनींचा आवाज आला. त्या देवळातून बाहेर आल्या होत्या आणि पायऱ्या उतरत होत्या. मागे शालू, तिच्यामागे चार-दोन यात्रेकरू, कारण तसला आवाज ऐकल्यावर कुणीही थांबेल.

"पडवळ," वहिनी म्हणत होत्या. आज त्या मध्ये कुणाला न घेता थेट बापूशी बोलत होत्या. "देवाच्या दारात पडवळ सोडलंत तुम्ही. लाज नाही वाटली? लग्न करून आणलीत ती कशाला? त्या तळ्याच्या काठी राखण बसवायला? माझं लेकरू खाल्लंत, घर खाल्लंत, आज देवाचं पाणीसुद्धा खोटं केलंत. मेल्यावर तुम्हाला मासाच व्हायचंय. आणि मी गळ टाकून बसेन, बघा तुम्ही."

त्यांचा चेहरा लाल झाला होता. आवाज खणखणीत होता. समोरच्या काठावर कपडे धुणारी बाई धुणं थांबवून बघत होती. बापू मान खाली घालून, गुन्हेगार शिपायासमोर बसतो तसा ऐकत होता. एकदाही तो मध्ये बोलला नाही. त्या दम घ्यायला थांबल्या तेव्हा त्यानं नुसतं वर बघितलं, आणि त्या पुन्हा सुरू झाल्या.

देवळातून जेवणाची घंटा झाली. लोक पंगतीकडे निघाले. वहिनी शेवटचं काहीतरी बोलल्या आणि तरातरा वर गेल्या.

बापूनं डब्याला झाकण लावलं. माझ्या खांद्याला धरून उठला. "चल," म्हणाला. "आज जेवेल ती."

पंगतीत वहिनी आमच्याकडे पाठ करून बसल्या. वाढपी सार घेऊन आला तेव्हा त्यांनी पान पुढे सरकवलं आणि पुन्हा भात मागून घेतला.